पलीकडच्या काठाची भाषा

आमच्या मंठ्याच्या घरात चार वर्षं एक भाषा बोलली जात होती, आणि ती एक भाषा आहे हेच आम्हाला कळलं नव्हतं. सकाळी माय चुलीपुढं बसलेली असायची, भाकरी थापल्याचा एकसारखा आवाज चाललेला असायचा, आणि त्याच्या मधूनमधून पुढच्या खोल्यांतून कुणीतरी गुणगुणल्याचं ऐकू यायचं. नाकातून काढलेले, लांबवलेले, शेवटाला गिळून टाकलेले शब्द. माय म्हणायची, शिस्टरबाई देवाचं म्हणून राह्यल्या. दादांना वाटायचं, इंग्रजीच असणार, फक्त चर्चमधलं. मला तर काहीच वाटायचं नाही. पण नवलाची गोष्ट वेगळीच आहे. त्याच खोलीत, दोन हातांवरच्या पलंगावर झोपणारी दुसरी बाई होती. तिच्या जन्मगावापासून ती भाषा एका नदीच्या रुंदीएवढी लांब होती, आणि तिनंही ती कधी कान देऊन ऐकली नव्हती.

त्या दोघी एकाच संस्थेच्या नन होत्या, आमच्याकडं यायच्या आधीपासून बरोबर राहणाऱ्या. सिस्टर पिलार स्पेनच्या. उंच, हाडापेरानं मोठ्या, चालायला लागल्या की वसरीतल्या फळीवरची भांडी हलायची. त्या मुलींना शिवण शिकवायच्या. सिस्टर फिलोमेना गोव्याच्या. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, आवाज इतका हळू की त्या घरात आहेत का बाजारात गेल्यात हे खोलीत डोकावल्याशिवाय कळायचं नाही. त्या नर्स होत्या आणि दोघींच्या छोट्या दवाखान्याचा सगळा भार त्यांच्यावर होता. संस्थेची इमारत जालना रोडला व्हायची होती. तिच्या पायाच्या दगडांवर दोन वेळा गवत वाढून वाळून गेलं तरी भिंत उठली नाही. तोवर म्हणून दादांनी पुढच्या दोन खोल्या त्यांना दिल्या. दादा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, शेती दोन कोसांवर चुलत्यांकडं होती. दादांची अट एकच, आमच्या सुमनला इंग्रजी शिकवायचं. मायचीही एक अट होती, घरात मासळी आणायची न्हाई. दादांची अट शेवटपर्यंत पाळली गेली. मायची अट गोव्याहून सुक्या सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, पार्सल येईपर्यंत टिकली. माय शेतात गेली की सिस्टर फिलोमेना ती मूठभर सुंगटं तव्यावर भाजायच्या आणि मग खोलीभर ऊद जाळायच्या. माय संध्याकाळी दारात पाऊल ठेवल्याबरोबर थांबायची, नाक जरा वर करायची आणि मला हळूच म्हणायची, "एवढा ऊद तर आपल्या देवालाबी लागत न्हाई." पण त्यांना तोंडावर कधी काही बोलली नाही.

ते घर माळवदाचं होतं. उन्हाळ्यात आत गार असायचं. दुपारी वसरीत शिवणाच्या मशीनचा आवाज, परसात शेंगा फोडल्याचा आवाज, आणि रोडवरून मोंढ्याकडं जाणाऱ्या बैलगाड्या. सिस्टर पिलार आमचं सगळं खायच्या. येसराची आमटी त्यांना फार आवडायची. ठेचा खाताना डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि तरी त्या हात पुढं करायच्या. मराठी त्या पुस्तकातून शिकल्या नव्हत्या, मोंढ्यातल्या बायांकडून आणि शिवणाला येणाऱ्या पोरींकडून शिकल्या होत्या, त्यामुळं ती आमच्यासारखीच होती. करून राह्यले, येऊन राह्यले, बिलकुल न्हाई. सिस्टर फिलोमेनांची मराठी मात्र कोकणीच्या अंगानं जायची. त्या बोलल्या की माय हसू दाबायची. दोघी आपसांत इंग्रजी बोलायच्या. आणि राग आला की सिस्टर पिलार स्वतःशीच स्पॅनिशमध्ये बोलायच्या, भराभर, डाळ ओतल्यासारखं. राग बहुतेक स्वयंपाकावरून यायचा. सिस्टर फिलोमेना प्रत्येक भाजीत व्हिनेगर घालायच्या, आणि मग सिस्टर पिलार ताटावर मान घालून काहीतरी पुटपुटायच्या. सिस्टर फिलोमेना शांतपणे जेवत राहायच्या. आम्हाला वाटायचं, बिचारीला कळत नाही तेच बरं.

इंग्रजीचा तास दुपारी असायचा. माझी मॅट्रिक झाली होती, पुढं काय करायचं ते ठरत नव्हतं, घरात स्थळांच्या गोष्टी निघायला लागल्या होत्या. एके दिवशी दादांनी शाळेतला नकाशाचा मोठा कागद घरी आणला आणि मी सिस्टर पिलारना त्यांचं गाव विचारलं. त्यांनी बोट ठेवलं. बोट अगदी कडेला पडलं होतं. त्याच्यापलीकडं समुद्रापर्यंत वेगळ्या रंगाची एक उभी पट्टी होती. मी विचारलं, इथं काय आहे. त्या म्हणाल्या, पोर्तुगाल. आमच्या गावातून नदी दिसते, नदीच्या पलीकडच्या काठाला तो. मी विचारलं, तो कसा आहे.

"तिथं काई न्हाई," त्या म्हणाल्या. "काफी भेटते. आन् टावेल."

त्या चेष्टा करत नव्हत्या. त्यांच्या लहानपणी त्यांची आई त्यांना घेऊन पूल ओलांडायची, कॉफी आणि टॉवेल घ्यायची आणि अंधार पडायच्या आत परत यायची. तिकडचे दुकानदार स्पॅनिश बोलायचे, त्यामुळं त्यांची भाषा शिकायची कधी कुणाला गरज पडली नाही. ती लोकं गरीब आणि गप्प असतात, त्यांची भाषा म्हणजे आमचीच भाषा, पण तोंडात घास ठेवून बोललेली, एवढंच घरात ऐकलेलं. हे त्या मला सांगत होत्या तेव्हा सिस्टर फिलोमेना त्याच खोलीत खिडकीपाशी बसून पट्ट्यांच्या गुंडाळ्या करत होत्या. त्यांचा गोवा त्या पलीकडच्या काठाच्या राज्याखाली चारशे वर्षांवर होता, त्यांचे वडील त्या सरकारात कारकून होते, घरात आईबापांशी आणि भावंडांशी फक्त पोर्तुगीज बोलायची रीत होती आणि कोकणी फक्त कामवालीशी. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सिस्टर पिलारना माहीत होतं, पण त्याचा आपल्या नदीशी काही संबंध आहे असं त्यांच्या मनात आलेलं नव्हतं. सिस्टर फिलोमेनांनी मान वर केली नाही. फक्त हातातली गुंडाळी उलगडली आणि पुन्हा पहिल्यापासून घट्ट गुंडाळायला लागल्या.

आता मी जालन्याला मुलाच्या घरी गॅलरीत बसून हे लिहिते आहे. नर्सची नोकरी करून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. नोकरीत मी पुष्कळ माणसं श्वासासाठी धडपडताना पाहिली आणि त्यातल्या प्रत्येकाच्या पाठीला उशी देताना मला एकच दिवस आठवला. तोच आता सांगायचा आहे.

संक्रांत जवळ आली होती. माय तीळ निवडत होती. सकाळी न्हाणीतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. सिस्टर फिलोमेना घसरल्या होत्या आणि उजव्या अंगावर पडल्या होत्या. आम्ही तिघींनी त्यांना उचलून पलंगावर आणलं. गेले आठ दिवस त्यांना ताप होता, दम लागत होता, पण नर्सच ती, स्वतःचं कुणाला सांगत नव्हती. उचलताना त्यांचं अंग भाजत होतं आणि त्या काहीतरी बोलत होत्या, आणि ते मराठी नव्हतं, इंग्रजीही नव्हतं. माय म्हणाली, कोकणी असंल. पण कोकणी आम्हाला थोडीतरी कळली असती. सिस्टर पिलारनी इंग्रजीत विचारलं, कुठं दुखतंय. त्यांनी त्यांच्याकडं अनोळखी माणसाकडं पाहावं तसं पाहिलं. आयुष्यभरात शिकलेल्या बाकीच्या भाषा तापानं पुसून टाकल्यासारख्या झाल्या होत्या आणि खाली जी पहिली होती तीच उरली होती.

दादा जाऊन गावातल्या डॉक्टरांना घेऊन आले. तोवर सिस्टर फिलोमेनांना दोन शब्द सलग बोलता येईना. श्वास अपुरा पडायचा. एकच शब्द त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. कादेइरा. आणि उजवा हात उचलून अंगाच्या बाजूला खाली नेत होत्या. डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणतायत त्या. सिस्टर पिलारनी ओठांवर तो शब्द एकदा फिरवून पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. त्या म्हणाल्या, कळलं मला. कादेरा. आमच्या भाषेत खुब्याच्या हाडाला कादेरा म्हणतात. त्यांचा खुबा दुखून राह्यला. सगळं जुळत होतं. उजव्या अंगावर पडल्या, हात उजव्या खुब्याकडं जातोय, तोंडानं खुबा म्हणतायत. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, त्या कळवळल्या. डॉक्टर म्हणाले, हाड मोडलेलं दिसतंय, बिलकुल हलू द्यायचं न्हाई, सपाट झोपवून ठेवा, जालन्याला फोटो काढावा लागेल. दादा पोस्टात जाऊन जालन्याच्या दवाखान्याला फोन करून आले. तिथली जीप संध्याकाळी येणार होती.

मग आम्ही त्यांच्या पायाच्या दोन्ही बाजूंना रेतीच्या पिशव्या लावल्या. डोक्याखालची उशीसुद्धा काढून घेतली. आणि मला काम दिलं होतं ते खांदे धरून ठेवायचं, कारण त्या सारख्या उठायला बघत होत्या. मी सतरा वर्षांची, शेतात काम केलेली, माझ्या हातात जोर होता. त्या कोपरावर जोर देऊन वर यायच्या आणि मी त्यांना प्रेमानं, समजूत घालत, खाली दाबायचे. पडून राहा सिस्टर, जीप येऊन राह्यली, असं म्हणायचे. त्यांचे ओठ निळे पडत चालले होते. छातीत तांब्यात पाणी हलल्यासारखा आवाज यायला लागला होता. दुपार टळली तेव्हा त्यांनी माझ्या मनगटाला धरलं, माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि पुन्हा तो शब्द म्हणाल्या. त्यात राग नव्हता. एखाद्या मंद पोरीला शेवटचं एकदा समजावून सांगावं तसं त्या म्हणाल्या. मी म्हणाले, हो सिस्टर, खुबा, कळलं आम्हाला.

सिस्टर पिलार भिंतीला टेकून जपमाळ ओढत होत्या. त्या मधेच थांबल्या. मी पाहिलं तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या स्वतःशी स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाल्या आणि मग मला ओरडून म्हणाल्या, "सोड तिला. सुमन, सोड. उठव, जल्दी. ती खुर्ची मागून राह्यली."

काय आठवलं होतं त्यांना ते त्यांनी मला नंतर सांगितलं. पुलापलीकडच्या त्या गावात टॉवेलच्या दुकानाच्या शेजारी खुर्च्यांचं दुकान होतं. लाल निळ्या रंगवलेल्या, फुलं काढलेल्या खुर्च्या बाहेर मांडलेल्या असायच्या आणि वर पत्र्यावर हाच एक शब्द लिहिलेला असायचा, तिकडं त्याचा अर्थ खुर्ची. स्पेनची पोरं तो शब्द वाचून पोट धरून हसायची, की इथं लोक खुबे विकतात. दरवेळी तीच चेष्टा, कधी जुनी झाली नाही. त्या भाषेतला एवढा एकच शब्द सिस्टर पिलारना ठाऊक होता, आणि तोसुद्धा हसण्यासाठी लक्षात ठेवलेला. पलंगाच्या उजव्या बाजूला सिस्टर फिलोमेनांची स्वतःची वेताची खुर्ची होती. सकाळपासून तो हात खुब्याकडं जात नव्हता, खुर्चीकडं जात होता.

आम्ही तिघींनी त्यांना उचलून खुर्चीत बसवलं. पुढं उशा रचून त्यांवर त्यांचे हात टेकवले. मायनं मागून खुर्चीला पाठ लावून आधार दिला आणि तशीच अर्धा तास बसून राहिली.  हळूहळू छातीतला आवाज कमी झाला, ओठांचा रंग फिरला. डॉक्टर पुन्हा आले तेव्हा त्यांनी आधी पाय पाहिले. पोटऱ्यांपर्यंत सुजलेले होते, बोट दाबलं की खड्डा पडत होता. सकाळी ते कुणी पाहिलंच नव्हतं, कारण आम्ही त्यांना खुबा सांगितला होता. हृदय थकून छातीत पाणी साचलं होतं. अशा माणसाला आडवं निजवणं म्हणजे पाण्यात बुडवून धरण्यासारखं, हे मी पुढं नर्सिंगच्या पहिल्या वर्षात वहीत लिहून घेतलं तेव्हा माझा हात थांबला होता. त्या दिवशी घरात वैद्यकी समजणारं एकच माणूस होतं, त्याला आपल्याला काय झालंय ते बराबर कळलं होतं, त्यानं उपायही सांगितला होता. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. जीप संध्याकाळी आली आणि सिस्टर फिलोमेना तिच्यात बसून गेल्या. खुब्याचं हाड मोडलेलं नव्हतं, नुसता मुका मार होता.

महिन्याभरानं त्या परत आल्या, निम्म्यानं वाळलेल्या, पण मराठी आणि इंग्रजी दोन्ही घेऊन. त्या आल्या त्या दिवशी सिस्टर पिलारनी स्वयंपाक केला, भाजीत स्वतःच्या हातानं व्हिनेगर घातलं. जेवणं झाल्यावर त्यांनी मायच्या आणि माझ्या देखत त्यांची माफी मागितली. मोठं बोलणं नव्हतं. त्या म्हणाल्या, नऊ वर्षं आपण एका खोलीत राहिलो आणि मला तुझ्या भाषेतलं खुर्ची समजलं नाही. सिस्टर फिलोमेना म्हणाल्या, ताप होता, माझेच शब्द नीट येत नव्हते. सिस्टर पिलार म्हणाल्या, तसं नाही, शब्द नीट होता. मग विचारलं, मी रागानं जे बोलते ते तुला कधी कळलं का.

सिस्टर फिलोमेनांनी जरा वेळ ताटातले शेंगदाणे एका बाजूला केले. मग म्हणाल्या, "सगळं कळतं. पहिल्या दिवसापासून कळतं. लहान असतो त्याला मोठ्याची भाषा यावीच लागते, पिलार. मोठ्याला नाही आली तरी चालतं."

सिस्टर पिलार उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. नऊ वर्षांत त्या ताटावर मान घालून काय काय पुटपुटल्या असतील ते त्यांना एकेक आठवत असावं. मायनं मला खूण करून आत बोलावलं आणि जाऊ दे म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून माझा इंग्रजीचा तास अर्धाच उरला. उरलेल्या अर्ध्या तासात सिस्टर पिलार विद्यार्थिनी व्हायच्या. सिस्टर फिलोमेना एवढ्या मवाळ, पण शिकवायला बसल्या की कडक. नाकातला सूर आला नाही तर दहा वेळा म्हणायला लावायच्या. सिस्टर पिलारना तो सूर काही केल्या जमायचा नाही, मला मात्र पहिल्याच दिवशी जमला, आमच्या बोलण्यात अनुस्वार कमी आहेत का. स्पॅनिश आणि ती भाषा इतक्या सारख्या होत्या की सिस्टर पिलारना वाटायचं, आलीच आपल्याला, आणि तिथंच त्या चुकायच्या. अनोळखी शब्दावर माणूस निदान थांबून विचारतो, ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दावर थांबतही नाही, असं सिस्टर फिलोमेना म्हणायच्या. एकदा माय बादली घेऊन अंगणातून चालली होती आणि मला म्हणत होती, परात घासून ठेव, घमेलं धुऊन ठेव, साबण संपला. सिस्टर फिलोमेना हसायला लागल्या. त्या म्हणाल्या, तुझ्या आईला विचार, ती माझी भाषा कुठं शिकली. बादली, परात, घमेलं, साबण, दादांचा पगार, हे सगळे शब्द तिकडून जहाजातून आलेले. माय म्हणाली, काय बी सांगून राह्यल्या, घमेलं आमचंच हाय. पण दिवसभर ती घमेल्याकडं संशयानं बघत होती. त्या महिन्यात तिनं आपण होऊन सांगितलं की बाजारात नदीची मासळी येते, परसातल्या वेगळ्या चुलीवर केली तर तिची काही हरकत नाही.

पुढं संस्थेची इमारत झाली, दोघी तिकडं राहायला गेल्या. मी नर्सिंगला गेले. सिस्टर फिलोमेना पुष्कळ वर्षं जगल्या. त्या गेल्यावर सिस्टर पिलार म्हाताऱ्या होऊन आपल्या गावी परतल्या आणि तिथून मला पत्रं लिहायला लागल्या, देवनागरीत, मोठ्या गोल अक्षरांत. पहिल्या पत्रात खंत होती. गावात त्या पोर्तुगीज बोलल्या की म्हातारे हसायचे, विचारायचे, हिंदुस्थानात राहून ही शेजाऱ्यांची भाषा कशाला शिकून आलीस. मग पत्रं बदलत गेली. पुलावरची चौकी बंद झाली. शाळेत ती भाषा शिकवायला लागले. लोक रविवारी जेवायला पलीकडं जायला लागले, नुसते टॉवेल आणायला नाही, तिथल्या गाण्याच्या कार्यक्रमाला जाऊन गप्प बसून ऐकायला लागले. सिस्टर पिलार आता नाहीत. त्यांच्या भाचीची मुलगी लुसिया मला मोबाइलवर फोन करते, माझी इंग्रजी तिच्याच पिलार आजीनं शिकवलेली, त्यामुळं आमचं बराबर जमतं. तिनं पोर्तुगीज शाळेत घेतली होती, तिची जिवाची मैत्रीण नदीपलीकडची आहे. मागं मी तिला म्हटलं, म्हणजे सगळं बदललं म्हणायचं. ती म्हणाली, आमच्या काठावर बदललं. आतल्या मोठ्या शहरांतली माणसं अजूनही तिकडं सुटीला जातात, आठ दिवस मोठ्या आवाजात स्पॅनिश बोलतात, आणि परत येऊन सांगतात की लोक फार चांगले, सगळ्यांना आपली भाषा येते. असं ती म्हणाली तेव्हा मला लुसिया फार आवडली.

आता त्या वर्षातली एकच गोष्ट सांगायची राहिली. ती मी आजवर कुणाला सांगितली नाही, कारण तिच्यात माझी काही शोभा नाही. सिस्टर पिलार एके दुपारी वही मिटून मला म्हणाल्या, तुमच्या इथं असं कोण आहे, ज्याला तुमचं सगळं ठावं हाय आन् तुम्हाला त्याचं काई न्हाई. मी लगेच म्हणाले, कुणी न्हाई. मग तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या घरामागं नाला होता. नाल्यापलीकडं बौद्ध वस्ती होती. तिथली वंदना दहावीपर्यंत माझ्या बाकावर बसायची. माझ्या घरचे तिळाचे लाडू तिनं सात वर्षं शाळेत खाल्ले. मी तिच्या घराचं दारही पाहिलं नव्हतं. कुणी जाऊ नको असं म्हणालं नव्हतं. म्हणावं लागलंच नव्हतं.

मी गेले. दोनशे पावलं असतील. वंदना घरी नव्हती. तिची आई अंगणात ज्वारी पाखडत होती. मला बघून ती उठली नाही, पण हातातलं सूप थांबलं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, खाली पाठ केलेल्या गाण्यांची एक जाड वही होती, त्या वहीतली गाणी वस्तीतल्या बाया दरवर्षी जयंतीला म्हणायच्या हे मला तेव्हा कळलं. मी नाल्याच्या अलीकडून तो आवाज दरवर्षी ऐकला होता, शब्द कधी ऐकले नव्हते. तिनं मला पाणी दिलं, मी प्याले. मग ती सहज बोलायला लागली. माझ्या मायची गौर कोणत्या साडीत बसते, दादांना कोणती भाजी चालत नाही, मागल्या साली मला पाहायला आलेलं स्थळ कुठलं होतं आणि का फिसकटलं, सगळं तिला माहीत होतं. टोचून बोलत नव्हती. गावात राहणाऱ्या माणसाला जे माहीत असतं ते सांगत होती. मी अवघडून म्हणाले, मावशी, तुम्हाला आमच्या घरचं सगळं ठावं हाय.

"ठावं ठिवावं लागतं, बाई," ती म्हणाली. मग सूप बाजूला ठेवून तिनं विचारलं, "तुला माझं नाव ठावं हाय का?"

मला आलं नाही. सतरा वर्षं ती आमच्या दारावरून जात होती, सुगीत आमच्याच शेतात येत होती, आणि आमच्या घरात ती वंदीची माय होती किंवा पलीकडची बाई होती. ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, गयाबाई.

घरी आले. माय दळण आवरत होती. मी कुठं गेल्ते ते तिला सांगितलं. मग मी म्हणाले, माय, वंदीच्या मायचं नाव गयाबाई हाय. माय पीठ चाळत राहिली आणि खाली बघूनच म्हणाली, "ठावं हाय मला. आम्ही दोघी एकाच साली लगीन होऊन आल्तो या गावात."

 तीनचार दिवसांनी, बाजाराच्या सकाळी, माय ओट्यावर शेण सारवत होती आणि गयाबाई डोक्यावर पाटी घेऊन समोरून चालली होती. मायनं सारवण्याचा हात थांबवला.  "गयाबाई," ती म्हणाली. "बाजाराला निघाल्या का?"

गयाबाई थांबली, आणि पाटीला हात धरून तिनं मागं वळून पाहिलं, दुसऱ्याच कुणा बाईला हाक मारली असंल म्हणून.